झाडीतले दवाखाने

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडचा डोंगर आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनाला आलेला माणूस ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावरही डोकं टेकवतो, आणि दर्ग्यावर चादर घेऊन आलेलं कुटुंब यात्रेतल्या बाजारातून घरचं सामान नेतं. इथे बोलले जाणारे नवस ऐकले तर त्यातले कितीतरी दुखण्याखुपण्याचे असतात. पोर जगू दे, अंगातला ताप जाऊ दे, बाळंतीण सुखरूप सुटू दे. ज्या मुलखात पिढ्यानपिढ्या डॉक्टर नव्हता, तिथे आजार आधी देवापुढे जायचा, मग वैदूकडे, मग मांत्रिकाकडे. या क्रमात दवाखाना कसा शिरला, कोणी शिरवला आणि आत शिरताना त्याला स्वतःमध्ये काय काय बदलावं लागलं, हा पूर्व विदर्भाच्या इतिहासातला एक मोठा अध्याय आहे. तलाव बांधणाऱ्यांच्या आणि राजवटींच्या इतिहासाइतकंच लक्ष त्याच्याकडेही जायला हवं.

प्रतापगडाभोवतीचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धानाच्या बांध्या, गावोगावच्या बोड्या, नवेगावचा बांध, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि त्यांना वेढून असलेलं जंगल. 1 मे 1999 पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. तालुक्याची हद्द ओलांडली की गडचिरोलीचं कुरखेडा लागतं आणि तिथून दक्षिणेकडे निघालेलं रान दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या भामरागडपर्यंत जवळजवळ तुटत नाही. रानाबरोबर आजारही सलग आहेत. हिवताप, सिकलसेल, कुष्ठरोग, साप चावणं, कुपोषण, आणि पहिल्या महिन्यातच दगावणारी बाळं. पावसाळ्यात नाले फुगले की खाटेची डोली करून रोग्याला न्यायचं आणि पाणी उतरेपर्यंत काठावर थांबायचं, हा अनुभव अगदी अलीकडचा आहे.

सिकलसेलची गोष्ट या मुलखाला थेट आफ्रिकेशी जोडते. अँथनी ॲलिसन हा तरुण शास्त्रज्ञ 1949 साली केनियात रक्ताचे नमुने गोळा करत होता. समुद्रकिनाऱ्यावरच्या आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या लोकांत विळ्याच्या आकाराच्या पेशींचं प्रमाण जास्त, तर उंच डोंगराळ भागात ते फार कमी, असं त्याला दिसलं. जिथे हिवताप तिथे सिकलसेल, हे त्याने ओळखलं आणि 1954 मध्ये पुराव्यासह मांडलं. आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या मुलाला जीवघेण्या हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. दोघांकडून आला तर मात्र आयुष्यभराचा आजार जडतो. केनियाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या पोराचं आणि झाडीतल्या धानकऱ्याच्या पोराचं दुखणं असं एकाच हिवतापाने घडवलेलं आहे.

आफ्रिका आणि सेवाभावी डॉक्टर म्हटलं की अजूनही एक नाव पुढे येतं, अल्बर्ट श्वाइट्झर. 1913 साली तो पत्नी हेलेनसह अटलांटिकच्या किनाऱ्यावरून ओगोवे नदीने आत जाऊन लांबारेनेला पोहोचला. आज हे गाव गॅबॉन देशात आहे. त्याची पहिली तपासणीची खोली म्हणजे कोंबड्यांचं जुनं खुराडं होतं. रोग्यासोबत घरची माणसं यायची, आवारातच चूल मांडायची, रांधायची, राहायची. श्वाइट्झरने ही रीत मोडली नाही, आणि त्याचा दवाखाना वाढत वाढत एक गावच झाला. 1952 चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं. पण आपण आफ्रिकी माणसाचे भाऊ असलो तरी थोरले भाऊ आहोत, असं त्याने लिहून ठेवलं होतं, आणि ते त्याच्या कामातही उतरलं. रोग्यांतूनच बरं करणारी माणसं तयार व्हावीत, हा त्याच्या दवाखान्याचा मुख्य हेतू कधीच नव्हता. सेवेची भावना खरी असूनही तिच्या पोटात थोरलेपण दडून राहतं, याचं लांबारेने हे मोठं उदाहरण. विदर्भातल्या दवाखान्यांकडे पाहताना ते डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

विदर्भात या कामाची सुरुवात कुष्ठरोगापासून झाली. मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये अमरावतीला तपोवन उभं केलं. कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरचं शिक्षण घेऊन आलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन वसवलं. या तिन्ही ठिकाणी रोगी गाव सोडून येत होता, कारण गावानेच त्याला बाहेर काढलं होतं. म्हणून तिथे दवाखान्यालाच गाव व्हावं लागलं. झाडीतल्या तापकऱ्याची गरज नेमकी उलटी होती. त्याला गाव सोडायचं नव्हतं.

हिवतापाचं सरकारी युद्ध याच काळात जिंकत आल्यासारखं दिसत होतं. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 मध्ये त्याचं रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झालं. गावोगावी डीडीटी फवारली गेली, आणि 1965 मध्ये देशभरातल्या रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास उतरली. मग पकड ढिली झाली. डास औषधाला दाद देईनासे झाले, फवारणी अनियमित झाली, आणि 1976 मध्ये हाच आकडा 64 लाखांवर गेला. जंगलभागात या लाटेचा तडाखा सगळ्यांत जबर होता. गडचिरोलीच्या जंगलातला हेमलकशाचा दवाखाना नेमका याच वर्षांत उभा राहिला.

23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी भामरागडच्या अलीकडे, हेमलकशाला, लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे तेव्हा नागपूरला शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ते अर्धवट सोडून 1974 मध्ये ते तिथे राहायला आले. सोबत पत्नी डॉ. मंदाकिनी होत्या, भूलशास्त्र शिकलेल्या. आलापल्लीच्या पुढे साठेक किलोमीटर जंगल, वीज नाही, पावसाळ्यात वाट नाही. दवाखाना म्हणजे झाडाखालची जागा आणि एक झोपडी. तिथले माडिया आदिवासी लांबून पाहायचे आणि निघून जायचे. शहरातून आलेल्या कपडेवाल्या माणसांचा त्यांना आलेला अनुभव चांगला नव्हता. ठेकेदार, वनरक्षक, व्यापारी, सगळे काहीतरी न्यायलाच आलेले.

प्रकाश आणि मंदाकिनी माडिया बोली शिकले. प्रकाश आमट्यांनी अंगावर अर्धी चड्डी आणि बनियन एवढंच ठेवलं. ज्यांच्याकडे नेसायला पुरेसं वस्त्र नाही त्यांच्यासमोर पँट-शर्टात बसायचं नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. मांत्रिकाने हात टेकलेले रोगी आधी येऊ लागले. मेंदूला हिवताप चढून बेशुद्ध पडलेला माणूस चार दिवसांनी उठून चालत घरी गेला की बातमी त्याच्याच पायांनी पुढच्या गावाला पोहोचायची. अस्वलाने ओरबाडलेले चेहरे शिवले गेले, मोतीबिंदू काढले गेले, अडलेल्या बाया सोडवल्या गेल्या. विशेषज्ञाने करायच्या कितीतरी गोष्टी या दोघांनी पुस्तक उघडून केल्या, कारण विशेषज्ञ गाठायचा तर रोगी वाटेत मरणार हे ठाऊक होतं. विलास आणि रेणुका मनोहरांसारखे, डॉक्टर नसलेले कार्यकर्ते या कामात वर्षानुवर्षं राहिले. त्यांच्याशिवाय हा दवाखाना एका पावसाळ्यापलीकडे टिकला नसता. 1975 मध्ये स्विसएड या संस्थेच्या मदतीने छोटं रुग्णालय बांधलं गेलं, 1976 मध्ये आश्रमशाळा निघाली. शाळा निघणं दवाखान्याच्या इतिहासात मोलाचं ठरलं, कारण त्या शाळेत शिकलेली माडिया मुलं पुढे डॉक्टर, शिक्षक, वकील झाली. 2008 मध्ये मॅगसेसे पुरस्कार प्रकाश आणि मंदाकिनी दोघांना मिळून मिळाला, आणि तो दोघांना मिळाला हेच योग्य झालं.

हेमलकशात डॉक्टर लोकांसारखा झाला. पुढचा प्रश्न असा होता की लोक डॉक्टरसारखे होऊ शकतील का?

या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या भागात आधीच तयार होत होतं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून काम मांडलं होतं. परिचारिका गावात टिकत नाहीत हे पाहून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवायला घेतलं. त्यातल्या अनेकजणी निरक्षर, अनेकजणी दलित. या बायका गावातल्या गर्भारणी तपासू लागल्या, बाळांची वजनं घेऊ लागल्या, आणि ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातचं औषध गावाला चालू लागलं. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचं काम नोंदलं गेलं, आणि 1978 च्या अल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्याची जी कल्पना जगापुढे ठेवली तिच्यामागे असे अनुभव होते.

दरम्यान 2 ऑक्टोबर 1977 ला भारत सरकारनेही गावोगावी आरोग्य स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी, महिन्याला 50 रुपये. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला पाऊल ठेवता येत नाही तो माणूस पहिल्या आठवड्यातल्या बाळाला कसा वाचवणार? काही वर्षांतच योजना मरगळली. गावाने निवडलेला माणूस आणि वरून भरलेली जागा यांतला फरक तेव्हाच धडा म्हणून घेतला असता तर पुढची पंचवीस वर्षं वाचली असती.

पूर्व विदर्भात हा धागा उचलला तो 1974 च्या जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाचा संस्कार असलेल्या तरुणांनी. कुरखेड्याला डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी 1984 मध्ये संस्था काढली तिचं नाव ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’. प्रतापगडच्या अगदी शेजारच्या तालुक्यात त्यांनी वैदूंना बाजूला सारलं नाही, तर त्यांच्या झाडपाल्याच्या ज्ञानाची नोंद केली, त्यातलं उपयोगी ते दवाखान्याच्या कामाला जोडलं आणि बचतगटातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. हे काम हेमलकशाइतकं गाजलं नाही. पण झाडीतल्या माणसाच्या रोजच्या जगण्याशी इतकं जुळलेलं दुसरं काम दाखवणं कठीण आहे.

दोन वर्षांनी, 1986 मध्ये, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. तेंदूपत्त्याच्या गोदामात त्यांची ‘सर्च’ ही संस्था सुरू झाली. सुरुवातीलाच त्यांनी सिकलसेलचा अभ्यास हाती घेतला आणि या भागात तो आजार आहे हे दाखवून दिलं. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. पण लोकांना ती आपली निकड वाटत नव्हती. त्यांची दुखणी निराळी होती आणि ती कोणी विचारलीच नव्हती. यानंतर सर्चच्या कामाची दिशा बदलली, आणि पूर्व विदर्भाच्या आरोग्याच्या इतिहासातलं हे सगळ्यांत मोलाचं वळण आहे. इथून पुढे आधी विचारायचं, मग तपासायचं, असा क्रम ठरला.

विचारल्यावर बायका बोलल्या. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेली पाहणी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या 650 बायकांपैकी 92 टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. कुटुंबनियोजनापलीकडे बाईच्या शरीराकडे न पाहणाऱ्या सरकारी आरोग्यव्यवस्थेला या आकड्यांनी जागं केलं. गावांनी दारूचं दुखणं सांगितलं. त्यातून दारूमुक्तीचं आंदोलन उभं राहिलं आणि 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

मग दवाखान्याबद्दल विचारलं गेलं. तुम्ही सरकारी इस्पितळात का जात नाही? आदिवासींनी दिलेली कारणं डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. तिथले लोक पांढरे कपडे घालतात, आणि पांढरं कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. रोग्याला आत घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. तिथे आमचा देव नाही. या उत्तरांवरून धानोरा रस्त्यावरच्या शोधग्रामात, म्हणजे सर्चच्या आवारात, दवाखाना बांधला गेला. रोगी आणि नातेवाईक एकत्र राहतील अशा झोपड्या, आवारात दंतेश्वरी देवीचं देऊळ, आणि नावही माँ दंतेश्वरी दवाखाना. नातेवाइकांना चूल मांडू देणारा श्वाइट्झरही होता. फरक असा की इथे दवाखान्याचा आराखडाच रोग्यांनी सांगितला. पुढे दरवर्षी देवीच्या यात्रेला जमणाऱ्या गावोगावच्या प्रतिनिधींची आरोग्यसंसद भरू लागली आणि पुढच्या वर्षी कोणत्या रोगावर काम करायचं हे त्यांच्यासमोर ठरू लागलं.

यापुढची गोष्ट सगळ्या जगात गेली. न्यूमोनियाने मरणारी बाळं वाचवायची तर बाळाचे श्वास मोजता आले पाहिजेत, आणि अनेक सुइणींना बारापलीकडे मोजता येत नव्हतं. सर्चने त्यांच्यासाठी एक साधन केलं. मिनिटभराची वाळूची घडी आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोहोचलं तर बाळाला न्यूमोनिया. त्यानंतर 1995 पासून 39 गावांत, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणं, आणि रक्तात जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा. सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शनची सुई देणं अनेक डॉक्टरांना मान्य नव्हतं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. तुलनेच्या गावांपेक्षा या गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत जिला मुक्तपणे जाता येत होतं तिनेच हे साधलं. डॉक्टरला त्या खोलीचं दार कधीच उघडलं नसतं.

पैशाचा प्रश्न या सगळ्या दवाखान्यांना सोडवावा लागला, आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत. हेमलकशाने उपचार मोफत ठेवले. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे यांनी पहिल्या भेटीला 2 रुपये आणि पुढच्या भेटीला 1 रुपया घेतला. सेवाग्रामला डॉ. उल्हास जाजू यांच्या योजनेत गावकरी सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करत आणि त्या बदल्यात वर्षभर उपचाराचा हक्क मिळवत. ज्वारीची योजना यांत सगळ्यांत दूरदृष्टीची म्हणावी लागेल. धान्य मोजून दिलेला माणूस दवाखान्यात उपकाराखाली दबून येत नाही, त्याला जाब विचारता येतो.

प्रतापगडच्या परिसराला याच काळात वेगळे शेजारीही मिळाले. 1972 मध्ये गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत वसली. तिचा पत्ता आजही प्रतापगडच्या टपालाचा आहे. हिमालयापलीकडच्या थंड पठारावरून आलेली माणसं विदर्भाच्या उन्हात आणि डासांत शेती करू लागली. निर्वासित वसाहतींना क्षयरोगाने फार छळलं. म्हणून धर्मशाळेच्या तिबेटी प्रशासनाने आपल्या वसाहतींतून स्वतःची आरोग्यकेंद्रं चालवली. स्वतःच्या आरोग्याची व्यवस्था स्वतःच्या माणसांकडून उभी करायची, ही कुरखेड्याची कल्पना इथे दुसऱ्या भाषेत नांदत होती.

गडचिरोलीच्या प्रयोगाला देशाने 2011 मध्ये स्वीकारलं. नवजात बाळांच्या घरच्या भेटी हे 2005 पासून गावोगावी नेमल्या गेलेल्या ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्तींचं अधिकृत काम झालं. इंजेक्शनाचं काम मात्र तिच्याकडे सरसकट सोपवलं गेलं नाही. आज गोठणगाव आणि केशोरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांखालच्या गावांत फिरणारी आशा ही आरोग्यदूताचीच वारसदार आहे. पण वारसा देताना सरकारने एक गोष्ट सोयीने उचलली, ती म्हणजे ‘स्वयंसेविका’ हा दर्जा. प्रकाश आमटे किंवा राणी बंग यांनी स्वयंसेवा निवडली होती. त्यांना दुसरी वाट मोकळी होती आणि ती त्यांनी सोडली, त्यांचं मोठेपण त्यातच आहे. धान कापायला जाणारी, लेकरं सांभाळणारी बाई ठरलेल्या कामांसाठी ठरलेल्या नोंदवह्या भरते, साथीच्या काळात घरोघर जाते, रात्री गर्भारणीबरोबर रुग्णवाहिकेत बसते. तिला स्वयंसेविका म्हणणं म्हणजे तिचा पगार बुडवणं आहे.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. ऑक्टोबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, 2024 च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, आणि मार्चमध्ये राज्य सरकारने महिन्याला 5,000 रुपयांची वाढ दिली. कामांच्या हिशेबाचा दर वेगळा. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, वजन घ्यायचं, ताप पाहायचा, श्वास मोजायचे. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही जायचं. सहा भेटी होवोत की सात, त्यासाठी ठरवलेला मोबदला सगळा मिळून 250 रुपये.